रुग्णवाहिकेपासून शाळेच्या वर्गापर्यंत : 'एएफएस'ची शतकभराची वाटचाल

शालेय वयाच्या मुलामुलींना वर्षभरासाठी परदेशातील एखाद्या कुटुंबात ठेवायचे, तेथील शाळेत दाखल करायचे आणि वर्ष संपल्यावर सुखरूप मायदेशी आणायचे, हे काम जगभरात अनेक संस्था करतात. या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या संस्थांमध्ये 'एएफएस इंटरकल्चरल प्रोग्राम्स' या ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या बिगरसरकारी संस्थेची गणना होते. तिचे मुख्यालय न्यूयॉर्क येथे असून पन्नासहून अधिक देशांत तिच्या संलग्न संस्था आहेत. करोनापूर्व काळात दरवर्षी दहा हजारांहून अधिक जण तिच्या विविध कार्यक्रमांत सहभागी होत असत. एवढा पसारा असूनही पगारी नोकरवर्ग मोजका आहे. निवड, शिबिरे, घरभेटी, अडचणींचे निवारण ही सारी कामे हजारो स्वयंसेवक विनावेतन करतात.

'एएफएस' ही आद्याक्षरे 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' या जुन्या नावाची आहेत. या नावात शिक्षण नाही, संस्कृती नाही आणि आंतरराष्ट्रीय सामंजस्यही नाही. येथे 'फील्ड' म्हणजे रणभूमी, आणि 'सर्व्हिस' म्हणजे तेथील जखमी सैनिकांना रुग्णालयापर्यंत वाहून आणण्याची सेवा. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचा जन्म दोन महायुद्धांच्या धुमश्चक्रीत झाला. तो इतिहास ठाऊक असल्याशिवाय तिच्या आजच्या कार्यपद्धतीतील अनेक गोष्टींचा उलगडा होत नाही.

फोर्ड गाड्या आणि कॉलेजकुमार

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा पॅरिसमधील अमेरिकन रहिवाशांनी न्यूयी या उपनगरात, बांधकाम पुरे न झालेल्या 'लिसे पास्तर' या शाळेच्या इमारतीत एक लष्करी रुग्णालय उभारले. फ्रेंच भाषेत त्या काळी 'आंब्युलांस' हा शब्द अशा रुग्णालयासाठीच वापरला जाई. गाडी हा अर्थ नंतरचा. रुग्णालयाच्या दिमतीला काही मोटारगाड्या होत्या आणि त्या चालविण्यास स्वयंसेवक पुढे आले होते. त्यांतच एब्राम पियाट अँड्र्यू हे गृहस्थ होते. हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे अध्यापन, अमेरिकेच्या टांकसाळीचे संचालकपद आणि त्यानंतर अर्थखात्याच्या सहायक सचिवाची जबाबदारी असा त्यांचा पूर्वानुभव. एवढ्या पदांवर राहिलेला चाळिशीतला माणूस १९१५ च्या आरंभी डंकर्क परिसरात रुग्णवाहिका चालवू लागला.

अँड्र्यू यांच्या लवकरच लक्षात आले की खरी गरज आघाडीवर आहे. रेल्वे स्थानकापासून रुग्णालयापर्यंत जखमींना नेणे हे दुय्यम काम होते. खंदकापासून पहिल्या उपचार केंद्रापर्यंतच्या काही मैलांत सैनिक दगावत होते. तथापि अमेरिका तेव्हा तटस्थ होती, आणि परकीय नागरिकांना आघाडीवर येऊ देण्यास फ्रेंच सेनाधिकारी तयार नव्हते. त्यांना हेरगिरीची धास्ती होती. अँड्र्यू यांनी वाटाघाटी केल्या आणि एप्रिल १९१५ मध्ये फ्रेंच लष्कराने अमेरिकन रुग्णवाहिका पथकांना प्रत्यक्ष आघाडीवर काम करण्याची अनुमती दिली. संस्थेच्या कार्याचा आरंभ या घटनेपासून मानला जातो.

या पथकांची मुख्य गाडी म्हणजे 'फोर्ड मॉडेल टी'. हलकी, स्वस्त, दुरुस्तीस सोपी. तीत जेमतेम तीन स्ट्रेचर मावत. व्होज पर्वतराजीतील ज्या अरुंद घाटांत जखमींना खेचरांवरून खाली आणले जाई तेथे ही चिमुकली गाडी चढू शकली, आणि या एका गोष्टीने फ्रेंच अधिकाऱ्यांचे मत पालटले. याच डोंगराळ भागात १९१५ च्या नाताळात तोफगोळा गाडीवर पडून रिचर्ड हॉल हा तरुण चालक मृत्युमुखी पडला. संस्थेचा हा पहिला बळी. पुढच्या वर्षीच्या व्हर्दूनच्या रणसंग्रामात या पथकांनी अहोरात्र काम केले.

चालक बहुतेक हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा विद्यापीठांतील विद्यार्थी होते. प्रवासखर्च आणि गणवेशाचा खर्च सामान्यतः ज्याचा त्याने करावयाचा. साहजिकच हे खात्यापित्या घरांतील मुलांचे दल होते. १९१७ च्या अखेरीस अमेरिकन लष्कराने ही पथके स्वतःकडे घेतली, तोवर सुमारे अडीच हजार स्वयंसेवक संस्थेत दाखल झाले होते. त्यांपैकी काही जण रुग्णवाहिकेऐवजी दारूगोळा वाहणाऱ्या मालमोटारींवर नेमले गेले. साहित्य समीक्षक म्हणून पुढे ख्याती पावलेले माल्कम काउली हे त्यांतलेच एक. (अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे नाव या संदर्भात अनेकदा घेतले जाते, ते मात्र इटलीत रेड क्रॉससाठी रुग्णवाहिका चालवीत होते.) महायुद्धात संस्थेचे शंभराहून अधिक आजी-माजी स्वयंसेवक मरण पावले.

या साऱ्या शौर्यगाथेत एक गोष्ट नजरेआड होऊ नये. ही सेवा मानवतेची होती, पण निःपक्षपाती नव्हती. ती केवळ दोस्त राष्ट्रांच्या, मुख्यतः फ्रान्सच्या बाजूने होती, आणि अमेरिकेने फ्रान्सच्या पाठीशी उभे राहावे असे तिच्या चालकांना मनापासून वाटत असे. युद्धानंतर संस्थेने हाती घेतलेल्या पहिल्या शैक्षणिक उपक्रमावरही याच फ्रान्सप्रेमाची छाप होती. अमेरिकन पदवीधरांना फ्रेंच विद्यापीठांत अध्ययनासाठी दिल्या जाणाऱ्या त्या शिष्यवृत्त्यांचा लाभ पुढील तीन दशकांत दोनशेहून अधिक विद्वानांना मिळाला. सर्व राष्ट्रांचे सामंजस्य हा विचार अद्याप दूर होता.

बर्गन-बेल्सनचा अनुभव

अँड्र्यू पुढे मॅसॅच्युसेट्समधून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले आणि १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पहिल्या महायुद्धातील सहकारी स्टीफन गॅलाटी यांच्याकडे संस्थेची धुरा आली. १९३९ मध्ये युद्धाचा भडका पुन्हा उडताच त्यांनी रुग्णवाहिका सेवा पुनरुज्जीवित केली. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ती काही काळ खंडित झाली. परंतु १९४१ च्या अखेरीपासून मध्यपूर्वेत ब्रिटिश सैन्याच्या जोडीने तिचे काम नव्याने सुरू झाले. सीरिया, लिबियाचे वाळवंट, बीर हकीम, अल अलामेन, ट्युनिशिया आणि पुढे इटली असा या पथकांचा प्रवास आहे. ब्रिटिशांच्या ज्या आठव्या आर्मीबरोबर त्यांनी काम केले तीत भारतीय डिव्हिजनही लढत होत्या.

भारताशी या संस्थेचा पहिला प्रत्यक्ष संबंध आला तोही युद्धामुळेच. १९४३ पासून तिची पथके ब्रह्मदेशाच्या आघाडीवर कार्यरत होती आणि १९४४ मध्ये जपानी सैन्याने इम्फाळला वेढा घातला त्या काळात तिचे चालक त्या परिसरात होते. विद्यार्थी देवाणघेवाणीच्या संदर्भात ही हकीकत क्वचितच सांगितली जाते.

एप्रिल १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्य उत्तर जर्मनीतील बर्गन-बेल्सन छळछावणीत शिरले. तेथे हजारो प्रेते उघड्यावर पडली होती आणि जिवंत असलेल्यांत विषमज्वरासारख्या दिसणाऱ्या, उवांमधून पसरणाऱ्या टायफसने थैमान घातले होते. अशा रुग्णांना छावणीच्या बराकींतून तात्पुरत्या रुग्णालयात हलविण्याचे काम ज्यांनी केले त्यांत 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस'चे चालक होते. दुसऱ्या महायुद्धात एकूण सुमारे २,२०० जणांनी या संस्थेत काम केले. त्यांपैकी ३६ जण प्राणास मुकले.

युद्ध संपल्यावर संस्था विसर्जित करणे सोपे होते, आणि योग्यही ठरले असते. रुग्णवाहिकांची गरज उरली नव्हती. १९४६ मध्ये माजी चालक न्यूयॉर्कमध्ये एकत्र आले तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांनी वेगळा मार्ग निवडला. जखमींना वाहून आणण्यापेक्षा जखमा होऊच नयेत यासाठी काही करता येते का, असा तो विचार होता. विद्यापीठीय शिष्यवृत्त्यांचा अनुभव गाठीशी असतानाही त्यांनी माध्यमिक शाळेतील मुले निवडली, हे विशेष. विद्यापीठात जाणारा तरुण ग्रंथालयात आणि वसतिगृहात राहतो. त्याची मते बऱ्याच अंशी घट्ट झालेली असतात. सोळा-सतरा वर्षांचे मूल घरात राहते, भांडी घासते, धाकट्या भावंडांशी भांडते आणि परक्या आईची बोलणी खाते. गॅलाटी यांचा भर या घरगुतीपणावर होता.

५२ विद्यार्थी, १० देश

१९४७ च्या उन्हाळ्यात १० देशांतील ५२ विद्यार्थी अमेरिकेत दाखल झाले. फ्रान्स, ब्रिटन, नॉर्वे, ग्रीस, चेकोस्लोव्हाकिया, सीरिया हे त्यांतील काही देश. त्यांचे शालेय वर्ष अर्ध्यावर आले असताना, फेब्रुवारी १९४८ मध्ये, चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता हाती घेतली. तेथून आलेल्या मुलांचा देश त्यांच्या गैरहजेरीत बदलून गेला होता. ज्या राजकारणापासून कार्यक्रम दूर ठेवायचा असे ठरले होते, ते पहिल्याच वर्षी घरात आले.

शत्रुराष्ट्रांतील मुलांना बोलावणे ही पुढची पायरी, आणि तीच खरी कसोटी होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन विद्यार्थी येऊ लागले. १९५४ पासून जपानी. ज्या अमेरिकन गावांतील तरुण नॉर्मंडीत किंवा ओकिनावात मारले गेले होते, त्याच गावांतील घरांत ही मुले राहावयाची होती. अशा घराची तयारी करून घेणे हे न्यूयॉर्कच्या कार्यालयातून पत्र पाठवून होणारे काम नव्हते. त्यासाठी गावातला, ओळखीचा, विश्वासाचा माणूस लागे; आणि तो बहुधा एखादा माजी चालकच असे. संस्थेची स्वयंसेवकांवर आधारलेली रचना या गरजेतून घडली.

१९५० च्या दशकात अमेरिकन मुलेही परदेशी जाऊ लागली. अमेरिकेत आलेल्या विद्यार्थ्यांना वर्षाअखेरीस बसगाड्यांतून देशभर फिरविण्याची प्रथा पडली. वाटेतील गावांत त्यांचा मुक्काम स्थानिक कुटुंबांत असे. या सहलींचा शेवट वॉशिंग्टनमध्ये होई. जुलै १९६३ मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर अध्यक्ष जॉन केनेडी यांनी या विद्यार्थ्यांसमोर भाषण केले. पुढच्याच वर्षी गॅलाटी यांचे निधन झाले.

तो शीतयुद्धाचा काळ होता, आणि परदेशी मुलांनी अमेरिकेचे समृद्ध, हसरे रूप पाहून जावे ही अमेरिकी शासनाचीही इच्छा होती. संस्थेचे काम आणि शासनाची परराष्ट्रनीती यांत अंतर राखणे नेहमीच जमले असेल असे म्हणता येत नाही. सुमारे पाव शतक या देवाणघेवाणीचे एक टोक कायम अमेरिका हेच होते. ब्राझीलचा मुलगा अमेरिकेत जाई, अमेरिकन मुलगी जपानला जाई. पण ब्राझीलचा मुलगा जपानला जाण्याची सोय नव्हती. १९७१ मध्ये हे बंधन दूर झाले आणि कोणत्याही दोन सदस्य देशांत थेट आदानप्रदान सुरू झाले. संलग्न राष्ट्रीय संस्थांना निर्णयात वाटा मिळाला. नावातील 'अमेरिकन' हा शब्द गळाला आणि केवळ आद्याक्षरे उरली.

वर्ष कसे जाते?

कार्यक्रमाचा कालावधी तीन महिन्यांपासून एका शैक्षणिक वर्षापर्यंत असतो. उमेदवार सर्वसाधारणपणे पंधरा ते अठरा वर्षांचे असतात. निवडीत गुणांपेक्षा मुलाखतीला महत्त्व आहे, आणि मुलाखत घरी, आईवडिलांच्या उपस्थितीतही होते. केवळ हुशार मूल येथे टिकतेच असे नाही. एकलकोंडेपणा सहन करण्याची ताकद, विनोदबुद्धी आणि 'मला समजले नाही' असे म्हणण्याचा मोकळेपणा हे गुण अधिक उपयोगी पडतात. परकी भाषा येत नसली तरी बहुतेक देश विद्यार्थ्यास घेतात. अमेरिका मात्र इंग्रजीचे पुरेसे ज्ञान आवश्यक मानते.

निघण्यापूर्वी एक शिबिर, पोहोचल्यावर दुसरे, वर्षाच्या मध्यावर तिसरे आणि परतण्याच्या सुमारास चौथे, अशी उद्बोधन शिबिरांची मालिका असते. यजमान कुटुंबाव्यतिरिक्त प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक स्थानिक संपर्क व्यक्ती नेमली जाते. ही व्यक्ती त्या कुटुंबातील नसावी असा दंडक आहे, कारण तक्रार त्याच कुटुंबाविरुद्ध असू शकते. पहिल्या घरात न जमल्यामुळे वर्षाच्या मध्यावर घर बदलावे लागणे ही गोष्ट अपवादात्मक नाही. आपल्याकडचे पालक अशा प्रसंगी फार हवालदिल होतात. वस्तुतः घर बदलणे म्हणजे कोणाची तरी हार झाली असे संस्था मानत नाही.

तीन नियम मात्र अत्यंत कडक आहेत. मोटारगाडी चालवायची नाही, वाटेवर अनोळखी गाडीला हात दाखवून फुकट प्रवास करायचा नाही, अमली पदार्थांना स्पर्श करायचा नाही. यांपैकी एकाचाही भंग झाला तर विद्यार्थ्यास घरी पाठविले जाते. सोळाव्या वर्षी वाहन परवाना मिळणाऱ्या अमेरिकेत पहिला नियम मुलांना जाचक वाटतो. ज्या संस्थेची स्थापनाच मोटारचालकांनी केली तिने स्टिअरिंगवर हात ठेवण्यास मनाई करावी, ही मोठी गमतीची गोष्ट.

परक्या समाजात गेल्यावर सुरुवातीचा उत्साह ओसरून चिडचिड, उदासी, घरची तीव्र ओढ अशी अवस्था येते. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५० च्या दशकात या 'कल्चर शॉक'चे विवेचन केले. शिबिरांतून मुलांना या चढउतारांची आधीच कल्पना दिली जाते. पालकांना मात्र एक सूचना आवर्जून केली जाते आणि ती सहसा पाळली जात नाही : रोज फोन करू नका. पूर्वी पत्र पोहोचायला पंधरवडा लागे, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आता व्हिडिओ कॉलमुळे मूल शरीराने म्युनिकमध्ये आणि मनाने मुलुंडमध्ये राहू शकते. भाषा शिकण्याचा वेग त्यामुळे मंदावतो, असा स्वयंसेवकांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

परत आल्यावरचा काळ सर्वांत दुर्लक्षित राहतो. वर्षभरात मूल बदललेले असते, मित्रांचे गट बदललेले असतात आणि त्याच्या गोष्टी ऐकण्यात दोन-चार दिवसांनंतर कोणालाही रस उरत नाही.

पैसा, कायदा आणि सुरक्षितता

ना-नफा म्हणजे विनामूल्य नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. प्रवास, विमा, शिबिरे आणि कार्यालयीन खर्च यांसाठी सहभागी कुटुंबाकडून शुल्क घेतले जाते, आणि वर्षभराच्या कार्यक्रमासाठी ते भारतीय रुपयांत लाखांच्या घरात जाते. यजमान कुटुंब मात्र राहण्या-जेवण्याचे पैसे घेत नाही. अमेरिकेत तर माध्यमिक शाळेतील विनिमय विद्यार्थी 'जे-१' या प्रवेशपरवान्यावर येतात आणि त्यांच्या यजमानांना मोबदला देण्यास नियमानेच बंदी आहे. पैसे घेऊन ठेवलेला पाहुणा भाडेकरू होतो, ही त्यामागील भूमिका.

शुल्कामुळे निर्माण होणारी विषमता हा या क्षेत्रावरील सर्वांत रास्त आक्षेप आहे. जग जाणून घेण्याची संधी ज्यांना तसेही परदेशी जाता येते त्यांच्याच मुलांना मिळते. शिष्यवृत्त्या हा त्यावरील एक उतारा. १९८३ पासून अमेरिकी काँग्रेस आणि जर्मन संसद यांच्या निधीतून उभय देशांत विद्यार्थ्यांची देवाणघेवाण चालते. तिच्या अंमलबजावणीत 'एएफएस'चा सहभाग आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००२ मध्ये 'यूथ एक्स्चेंज अँड स्टडी' अर्थात 'येस' हा पूर्ण शिष्यवृत्तीचा कार्यक्रम आखला. मुस्लिम लोकसंख्या लक्षणीय असलेल्या देशांतील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या योजनेत भारताचाही समावेश करण्यात आला.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. अल्पवयीन मुलास अनोळखी घरात सोपविण्यात धोका आहेच. २००० च्या दशकात अमेरिकेत काही संस्थांनी यजमान घरांची नीट पाहणी न करता विद्यार्थ्यांना तेथे ठेवल्याची, त्यांची आबाळ झाल्याची आणि क्वचित लैंगिक छळाचीही प्रकरणे उघडकीस आली. यजमान घरातील प्रौढ व्यक्तींच्या गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी आता तेथे सक्तीची आहे. घराची प्रत्यक्ष पाहणी आणि विद्यार्थ्याशी दरमहा संपर्कही बंधनकारक आहे. पालकांनी संस्थेची प्रतिष्ठा ऐकून स्वस्थ न बसता तपासणी कोण, कधी आणि कशी करतो हे विचारून घ्यावे. असा प्रश्न विचारल्याचा ज्या संस्थेला राग येतो तिच्याकडे मूल न सोपविलेले बरे.

उपयोग होतो काय?

माणसे एकमेकांना भेटली की पूर्वग्रह आपोआप नाहीसे होतात, हे खरे नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच दाखवून दिले की संपर्क समान पातळीवरचा असेल, उद्दिष्ट सामायिक असेल, सहकार्य असेल आणि त्यास अधिकारी संस्थांचा पाठिंबा असेल तरच पूर्वग्रह ओसरतात. एकाच घरात मुलाप्रमाणे राहणे यांपैकी बऱ्याच अटी पुऱ्या करते. आठ दिवसांची सहल करीत नाही.

'एएफएस'ने मिचेल हॅमर या संशोधकांकडून २००५ मध्ये एक पाहणी करून घेतली. नऊ देशांतील सुमारे १,५०० विद्यार्थी आणि तुलनेसाठी परदेशी न गेलेले त्यांचे मित्र असा तिचा आवाका होता. परकी भाषेवरील प्रभुत्व, अन्य संस्कृतीच्या लोकांसमवेत वावरताना वाटणारा सहजपणा आणि परदेशी मित्रांची संख्या या बाबतींत गेलेले विद्यार्थी पुढे असल्याचे दिसले. अर्थात ही पाहणी संस्थेनेच करविलेली होती, आणि स्वेच्छेने जाणारी मुले मुळातच थोडी वेगळी असतात, हेही लक्षात ठेवावयास हवे.

माजी विद्यार्थ्यांत काही नामवंत आहेत. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या प्रमुख झालेल्या क्रिस्तिन लागार्द १९७३-७४ मध्ये या कार्यक्रमातून फ्रान्सहून मेरीलँडमध्ये गेल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांचे उपमहासचिव राहिलेले स्वीडनचे यान एलियासन १९५७-५८ मध्ये इंडियाना राज्यात शिकत होते. इटलीच्या अंतराळवीर सामान्था क्रिस्तोफोरेत्ती यांनीही शालेय वर्ष मिनेसोटात काढले. तथापि अशा नावांवरून कार्यक्रमाचे मोल ठरविणे फसवे आहे. पाच लाखांहून अधिक जण आजवर सहभागी झाल्याचे संस्था सांगते. त्यांतले बहुसंख्य शिक्षक, परिचारिका, दुकानदार, कारकून आहेत, आणि संस्थेच्या संस्थापकांना तेच अपेक्षित होते.

खंड आणि अनिश्चितता

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे संस्थेला जगभरातील विद्यार्थ्यांना मुदतीपूर्वीच घरी पाठवावे लागले. सीमा बंद होत असताना आणि विमाने रद्द होत असताना हजारो अल्पवयीन मुलांना आपापल्या देशी पोहोचविण्याचे ते काम होते. युद्धकाळातील वाहतुकीची आठवण जुन्या मंडळींना झाली असल्यास नवल नाही. २०२५ मध्ये संकट वेगळ्या दिशेने आले. फेब्रुवारीत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने विनिमय कार्यक्रमांचा निधी काही काळ रोखला, तर मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत विद्यार्थी व विनिमय प्रवेशपरवान्यांसाठी नव्या मुलाखतींच्या वेळा देणे जगभर थांबविण्यात आले. ऑगस्टमध्ये शाळेत हजर होऊ पाहणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हे ऐन मोक्याचे दिवस होते. शासकीय निधीवर अवलंबून असलेल्या शिष्यवृत्त्या किती नाजूक असतात याची जाणीव या काळात सर्वच संस्थांना झाली.

मराठी पालकांसाठी

'एएफएस'चे भारतातील कार्यालय दिल्लीत आहे. महाराष्ट्रातील शहरांत या स्वरूपाच्या कार्यक्रमांपैकी अधिक परिचित आहे तो रोटरी क्लबचा. त्यात स्थानिक क्लबच यजमान घरे शोधतात. याशिवाय १९३२ मध्ये डोनाल्ड वॉट यांनी सुरू केलेला 'एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' आणि अकरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय शिबिरांसाठी प्रसिद्ध असलेली 'सीआयएसव्ही' यांचीही नावे घेता येतील. मूल, वय आणि कालावधी पाहून निवड करावी.

आपल्याकडची खरी अडचण दहावी-बारावीची आहे. परदेशात काढलेले वर्ष येथील अकरावी म्हणून आपोआप धरले जात नाही. तेथील शाळा पदवीदाखल प्रमाणपत्र देतेच असे नाही, आणि दिले तरी विषयांची जुळणी होत नाही. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वीच आपल्या शाळेकडून वा कनिष्ठ महाविद्यालयाकडून, शक्यतो लेखी स्वरूपात, खुलासा करून घेणे श्रेयस्कर. बहुतेक विद्यार्थी दहावीनंतर जातात आणि एक वर्ष उशिराने बारावी करतात. प्रवेश परीक्षांच्या शिकवणी वर्गांचे गणित त्यामुळे चुकते, आणि अनेक घरांतील चर्चा तेथेच थांबते.

शाकाहाराचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. तो अर्जात स्पष्ट नमूद करावा. अंडे चालते की नाही, मांस शिजविलेल्या भांड्यातले चालते की नाही, इतक्या तपशिलाने लिहावे. यजमान कुटुंब तो अर्ज वाचूनच मुलाची निवड करते, आणि अस्पष्ट लिहिल्याने होणारा मनस्ताप दोन्ही बाजूंना होतो.

मुलाला पाठविण्याइतकाच दुसराही मार्ग आहे, तो म्हणजे परदेशी विद्यार्थ्यास आपल्या घरी ठेवून घेण्याचा. दोन खोल्यांच्या घरातही हे करता येते. स्वतंत्र खोली असण्यापेक्षा स्वतंत्र अंथरूण, अभ्यासाची जागा आणि घरात दिवसभर कोणी तरी असणे याला अधिक महत्त्व आहे. घरी राहावयास आलेल्या परदेशी व्यक्तीची नोंद यजमानाने २४ तासांच्या आत करावयाची असते, आणि १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी प्रवेशपरवान्यावर आलेल्यास आगमनानंतर १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंदणी करावी लागते. ही दोन्ही कामे आता ऑनलाइन होतात.